वस्तू कुणी जपल्या? एडमंड द वाल आणि ज्यू स्मृती

आज आपण एडमंड द वाल या ब्रिटिश कुंभार-कलावंताकडे वळू. त्यांची आजी ज्यू घराण्यातली, वडील मात्र अँग्लिकन धर्मगुरू. त्यामुळे ज्यू असणं त्यांना घरच्या उपासनेतून मिळालं नाही, ते मिळालं वारशानं आलेल्या वस्तूंतून.

या वस्तू म्हणजे 264 नेत्सुके. किमोनोला खिसे नसत. मग पिशवी कमरपट्ट्याला लटकवायची आणि ती घसरू नये म्हणून दोरीच्या वरच्या टोकाला हस्तिदंताचा किंवा लाकडाचा छोटा कोरीव तुकडा अडकवायचा. मुठीत मावेल एवढा.

एफ्रुसी घराण्यातल्या शार्ल यांनी हा संग्रह 19व्या शतकात पॅरिसमध्ये घेतला आणि पुढे व्हिएन्नातल्या चुलतभावाला लग्नाचा आहेर म्हणून पाठवला. 1938 मध्ये नाझी ऑस्ट्रियात आले. वाडा गेला, चित्रं गेली, ग्रंथसंग्रह गेला. नेत्सुके मात्र राहिली. कुटुंबातली हकिकत अशी, की आना नावाच्या मोलकरणीनं ती थोडीथोडी करून ॲप्रनच्या खिशातून नेली, आपल्या गादीत लपवली आणि युद्धानंतर आजीच्या हाती परत दिली.

द वाल यांनी हे सगळं 2010 मध्ये पुस्तकात मांडलं. पण त्यात आनाचं आडनाव नाही, कारण ते त्यांना ठाऊकच नव्हतं. इथं आपण जरा थांबू. वस्तू वाचल्या, वाचवणारीचं पूर्ण नाव मात्र उरलं नाही. मग स्मृती वस्तूत असते, असं आपण सहज म्हणतो, ते कितपत खरं?

या प्रश्नाच्या उजेडात त्यांचं पुढचं काम बघू. 2019 मध्ये व्हेनिसला त्यांनी ‘लायब्ररी ऑफ एक्झाइल’ उभारलं. देशोधडीला लागलेल्या लेखकांची सुमारे 2000 पुस्तकं, आणि बाहेरच्या भिंतींवर पातळ पोर्सिलेनच्या लेपात जगातल्या नष्ट झालेल्या ग्रंथालयांची नावं. येणाऱ्यानं जवळचं वाटणारं पुस्तक उघडायचं आणि आत चिकटवलेल्या पट्टीवर स्वतःचं नाव लिहायचं. पुस्तक कुणाच्या हातून गेलं, याची नोंद इथं पुस्तकातच राहते.

प्रदर्शन पुढे ड्रेस्डेनला आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं. नंतर ही पुस्तकं इराकमधल्या मोसुल विद्यापीठाला देण्याचं ठरलं. तिथलं ग्रंथालय आयसिसच्या काळात उद्ध्वस्त झालं होतं. नेत्सुकेंपैकीही काही त्यांनी विकून पैसे निर्वासितांच्या मदतीला दिले, बरीचशी व्हिएन्नाच्या ज्यू म्युझियमला दीर्घ मुदतीसाठी सोपवली.

म्हणजे एका ज्यू कुटुंबाच्या हानीतून निघालेला हा विचार मोसुलच्या वाचकांपर्यंत पोचतो. वारसा कपाटात बंद न ठेवता, ज्यांचं असंच काही हिरावलं गेलं त्यांच्यापर्यंत तो नेणं, हे आपल्याला त्यांच्या कामात दिसतं.