एसएमपीएस निवडताना: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा श्रीरामपूरचा स्टुडिओ असो, शेवगावातले फ्लेक्सचे दुकान असो की अहिल्यानगर शहरातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आपल्या जिल्ह्यात अनेकजण सुटे भाग निवडून कॉम्प्युटर असेंबल करून घेतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर खूप खल होतो. एसएमपीएस मात्र उरल्यासुरल्या पैशांत बसेल तो घेतला जातो. वास्तविक प्रत्येक भागाला वीज पुरवतो तो हाच. निकृष्ट एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही निकामी करू शकतो.

गैरसमज 1 : खोक्यावर जास्त वॉट, म्हणजे जास्त दम.

वस्तुस्थिती : प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः 12 व्होल्टवर चालतात. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि एसएमपीएसच्या अंगावरचे लेबल वाचा. तिथे 12 व्होल्टखाली 18 अँपिअर लिहिले असेल, तर मिळणार 216 वॉट, मग खोक्यावर 450 का छापलेले असेना. चांगल्या 550 वॉटच्या एसएमपीएसवर हाच आकडा 45 अँपिअरच्या आसपास असतो.

गैरसमज 2 : मोठा एसएमपीएस घेतला की वीजबिल वाढते.

वस्तुस्थिती : कॉम्प्युटरला लागेल तेवढीच वीज ओढली जाते. फरक पडतो तो कार्यक्षमतेने. कॉम्प्युटरला 300 वॉट लागत असतील, तर 85 टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस मीटरमधून सुमारे 353 वॉट घेतो आणि 90 टक्क्यांचा 333. रोज आठ तास काम चालले, तर वर्षाला जवळपास 58 युनिट वाचतात. ‘80 प्लस’ची ब्राँझ, गोल्ड ही मानांकने हीच कार्यक्षमता सांगतात. शॉर्टसर्किट, जादा व्होल्टेज किंवा जादा भार आल्यास बंद पडण्याची सोय आहे का, हे मात्र वेगळे तपासावे लागते.

गैरसमज 3 : सगळ्या भागांच्या वॉटची बेरीज जुळली की झाले.

वस्तुस्थिती : आरटीएक्स 4060 कार्डाची मर्यादा 115 वॉट आहे, तरी ते बसवलेल्या संपूर्ण कॉम्प्युटरसाठी एनव्हिडिया 550 वॉटचा एसएमपीएस सुचवते. मोठी कार्डे तर क्षणभर आपल्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. त्या झटक्याने कमकुवत एसएमपीएस बंद पडतो आणि रेंडरिंग अर्ध्यावर राहते. 2022 साली आलेल्या एटीएक्स 3.0 मानकात असे झटके सोसण्याची अट आहे. बेरजेवर निदान तिसरा हिस्सा राखीव ठेवा.

गैरसमज 4 : यूपीएस किंवा इन्व्हर्टर आहे, मग कोणताही चालेल.

वस्तुस्थिती : 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॉटच देतो. शिवाय बॅटरीवर अनेक यूपीएस चौकोनी लहरीची वीज देतात आणि त्यावर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस बंद पडतात. तिथे साइन वेव्ह यूपीएस हवा. घरचा इन्व्हर्टर असेल, तर तो यूपीएस मोडवर ठेवा.

शेतीपंप सुरू झाले की गावाकडे व्होल्टेज बसते. 100 ते 240 व्होल्टवर चालणारा एसएमपीएस तिथे तग धरतो, केवळ 200 ते 240 व्होल्टचा अडखळतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटला, तर घरात 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. दिवे एकाएकी प्रखर झाले, तर मेन स्विच लगेच बंद करा.

गैरसमज 5 : कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, म्हणजे एसएमपीएस खराब.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दोष घराच्या अर्थिंगचा असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अत्यल्प प्रवाह कॅबिनेटवर येतो आणि तो अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवा. पारनेर-पाथर्डीच्या खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात पाणी घाला, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल, तर स्पाइक गार्डचे संरक्षणही अर्धवटच राहते.

म्हणून दुकानात जाताना ग्राफिक्स कार्ड कंपनीची शिफारस लिहून न्या. 12 व्होल्टचे अँपिअर, इनपुटची मर्यादा, संरक्षणाच्या सोयी आणि वॉरंटीची वर्षे तपासा, पक्के बिल घ्या. बजेट अपुरे पडले, तर कॅबिनेट साधे घ्या, रंगीत दिवे नंतर बसवा, पण एसएमपीएसच्या पैशांत काटछाट करू नका.