तीनचाकी सायकल : आधी माप, मग अर्ज



या पानावर आम्ही दर अंकी लागण, खोडवा, खताचे हप्ते यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे, पण आपल्याच वाड्यावस्त्यांवरचा आहे.

गेल्या हंगामात ऊस नोंदीच्या तपासणीसाठी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. गोठ्यात हाताने चालवायची तीनचाकी सायकल उभी होती, तीही नवी कोरी, आणि तिच्यावर पेंडीचे पोते! घरात आठ वर्षांची अपंग नात. तिच्यासाठी शिबिरातून सायकल मिळावी म्हणून अर्ज आम्हीच लिहून दिला होता. म्हणून जरा रागानेच विचारले. आजी म्हणाल्या, "सायेब, पोरीचं हात आखडत्यात. दांडा फिरवायचा कसा तिनं?"

चूक आमची होती. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका, असे आम्ही गावोगाव सांगतो. आणि इथे मुलीला न पाहताच साधन मागवून बसलो.

असे का होते? आपल्या मनात अपंगत्व म्हटले की पोलिओच येतो. पोलिओत बहुधा पाय लुळे पडत, हात शाबूत राहत. अशांना हातपेडलची सायकल उपयोगी पडली आणि ज्याचे हात बळकट त्याला ती आजही चांगलीच. पण नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला. आज ज्या मुलांना सेरेब्रल पाल्सी आहे, त्यांची गोष्ट निराळी. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाल्याने स्नायू ताठरतात, तोल राहत नाही. काहींचे हात पायांपेक्षाही कमजोर असतात. अशा मुलाला पायपेडलची, पण आधार जोडलेली तीनचाकी कामी येऊ शकते.

तिच्यात काय पाहावे?

१) पाठीला टेकू आणि कमरेला पट्टा हवा.
२) पेडलवर पाऊल घसरू नये म्हणून टाचेला अडण व वरून पट्टा हवा.
३) पेडल सर्वांत लांब गेले तरी गुडघा थोडा वाकलेलाच राहावा.
४) मागे मोठ्या माणसाला धरण्यासाठी दांडा हवा; उतारावर तोच कामाचा.
५) मूल वाढते, म्हणून बैठक पुढेमागे सरकणारी हवी. सहा महिन्यांनी माप पुन्हा तपासावे.

माप फिजिओथेरपिस्टकडूनच घ्यावे. खुब्याचा त्रास किंवा फिट येत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ताठरलेला पाय बळजबरीने फिरवू नये.

त्या मुलीला आम्ही तालुक्याला नेले. तिथल्या फिजिओथेरपिस्टने माप दिले, वेल्डिंगवाल्याने त्याबरहुकूम लहान मुलांची तीनचाकी दुरुस्त करून दिली. पहिल्या दिवशी पोरीने खळ्यात दोन हात अंतर कापले. परवा गेलो तर ती बांधापर्यंत आली होती आणि आजोबा मागचा दांडा सोडून चालत होते. हातपेडलची सायकल घरच्यांनी परत केली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशा विद्यार्थ्याला योग्य साधने मोफत देण्याची तरतूदही त्यात आहे. त्यासाठी शासकीय रुग्णालयातून दाखला काढावा. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाचे काम पाहणाऱ्या शिक्षकांना भेटावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, तोही ग्रामसभेत विचारावा.

एक काम मात्र आपल्याच हातात आहे. ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोरीत ही लहान चाके अडकतात. ज्या वस्तीवर असे मूल आहे, तिथला शाळेपर्यंतचा रस्ता तेवढा मुरूम टाकून सपाट करा. आणि आपल्या घरी किंवा शेजारी असे मूल असेल तर गट ऑफिसला सांगा. अर्ज आम्ही लिहून देऊ, पण यावेळी आधी मुलाला भेटू.