परकीय गुंतवणुकीची सुरक्षा छाननी : शेतकऱ्यांनी काय समजून घ्यावे?

बियाणे, कीडनाशके, ठिबक संच, फळप्रक्रिया अशा अनेक व्यवसायांत आज परदेशी कंपन्यांचे भांडवल गुंतलेले आहे. अशी एखादी कंपनी आपल्या भागात येणार म्हटली की गावात दोन प्रकारची चर्चा सुरू होते. काहीजण म्हणतात, मालाला गिऱ्हाईक मिळेल, भाव सुधारेल. काहीजण म्हणतात, उद्या सगळा धंदाच त्यांच्या हातात जाईल. सरकारला मात्र याखेरीज आणखी एक प्रश्न तपासावा लागतो. तो म्हणजे, या गुंतवणुकीमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका पोचेल काय?

ही तपासणी कशी होते आणि त्यातून शेतकऱ्याला काय मिळते व काय मिळत नाही, हे या लेखात पाहू. अमेरिकेत ही पद्धत १९७५ पासून चालू आहे आणि तेथील काही गाजलेली प्रकरणे थेट शेतीशी निगडित आहेत. म्हणून उदाहरणे प्रामुख्याने तेथील घेतली आहेत.

छाननी समितीची रचना

राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या आदेशाने १९७५ मध्ये अमेरिकेत परकीय गुंतवणूक समिती स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'सीफियस' म्हणतात. अर्थमंत्री तिचे अध्यक्ष असून संरक्षण, परराष्ट्र, व्यापार, ऊर्जा, न्याय, अंतर्गत सुरक्षा इत्यादी खाती तिची सभासद आहेत. सुरुवातीला समितीचे काम केवळ पाहणीचे होते. १९८८ च्या कायद्याने धोकादायक व्यवहार रोखण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. २०१८ च्या कायद्याने समितीची कक्षा वाढली व काही ठिकाणच्या जमीन खरेदीचे व्यवहारही तिच्यापुढे येऊ लागले.

कंपनीने रीतसर अर्ज दिल्यावर पहिली तपासणी ४५ दिवसांत होते. शंका राहिल्यास आणखी ४५ दिवस सखोल चौकशी चालते. प्रकरण राष्ट्राध्यक्षांकडे गेले तर त्यांना निर्णयासाठी १५ दिवस मिळतात. प्रत्यक्ष मनाईची वेळ क्वचितच येते. बऱ्याचदा समिती अटी घालून व्यवहारास परवानगी देते, किंवा रागरंग पाहून कंपनीच अर्ज मागे घेते. समितीचे कामकाज गोपनीय असल्याने निर्णयामागची कारणे सहसा बाहेर येत नाहीत.

धोका कसा मोजतात?

समिती तीन गोष्टी पाहते : धोका, दुर्बलता आणि परिणाम. पीक संरक्षणाच्या भाषेत हे चटकन समजेल. कीड किती घातक आहे, आपले वाण तिला किती बळी पडणारे आहे आणि प्रादुर्भाव झालाच तर नुकसान किती होईल, या तिन्ही बाबी पाहूनच आपण फवारणीचा निर्णय घेतो. त्याचप्रमाणे घेणारा कोण व त्याच्यामागे कोणते सरकार आहे, घेतली जाणारी मालमत्ता किती नाजूक आहे आणि तिचा गैरवापर झाल्यास देशाचे काय बिघडेल, हे समिती तपासते. शेतकऱ्याला भाव काय मिळेल, कामगारांची संख्या वाढेल की घटेल, हे प्रश्न या तपासणीत येत नाहीत.

डुक्करमांस आणि बियाणे

२०१३ मध्ये चीनच्या श्वांगहुई कंपनीने अमेरिकेतील स्मिथफील्ड ही कंपनी सुमारे ४७० कोटी डॉलरना विकत घेतली. स्मिथफील्ड ही वराहपालन व डुक्करमांस प्रक्रियेतील जगातील सर्वांत मोठी कंपनी होती. अन्नपुरवठा हाही सुरक्षेचाच भाग नव्हे काय, असा प्रश्न अमेरिकी सिनेटच्या कृषी समितीत विचारला गेला. तथापि सीफियसने व्यवहारास मंजुरी दिली.

२०१६ मध्ये चीनच्या सरकारी मालकीच्या केमचायना कंपनीने स्वित्झर्लंडमधील सिंजेंटा कंपनी सुमारे ४,३०० कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले. सिंजेंटाचा अमेरिकेत बियाणे व कीडनाशकांचा मोठा व्यवसाय असल्याने सीफियसची मंजुरी आवश्यक होती. ती ऑगस्ट २०१६ मध्ये मिळाली व २०१७ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. सिंजेंटाचे भारतातील मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि तिची बियाणे व औषधे आपले शेतकरीही वापरतात. बासेल शहरातील कंपनीची मालकी बदलली की त्याचा संबंध आपल्या शिवारापर्यंत पोचतो तो असा.

ग्रँड फोर्क्सचा मका कारखाना

शेतकऱ्याने सर्वांत बारकाईने पाहावे असे प्रकरण नॉर्थ डाकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स शहराचे आहे. चीनच्या फुफेंग कंपनीने तेथे सुमारे ३७० एकर जमीन विकत घेतली. मका भिजवून व दळून त्यापासून पशुखाद्यात लागणारे लायसीनसारखे घटक तयार करण्याचा सुमारे ७० कोटी डॉलरचा कारखाना तेथे उभा राहणार होता. शेतकऱ्यांना जवळचे गिऱ्हाईक मिळणार होते, वाहतूक वाचणार होती. शहराच्या कारभाऱ्यांनीही कारखान्याचे स्वागत केले.

परंतु जमिनीपासून साधारण १२ मैलांवर, म्हणजे १९ किलोमीटरवर, अमेरिकी हवाईदलाचा तळ आहे. त्यामुळे विरोध सुरू झाला आणि प्रकरण सीफियसकडे गेले. डिसेंबर २०२२ मध्ये समितीने कळविले की, हा व्यवहार आपल्या कक्षेत येत नाही. कंपनीने चालू उद्योग विकत घेतला नव्हता, तर मोकळी जमीन घेतली होती. मोकळ्या जमिनीची छाननी फक्त यादीतील लष्करी ठिकाणांजवळ करता येत असे, आणि ग्रँड फोर्क्सचा तळ त्या यादीतच नव्हता.

समितीने हा व्यवहार सुरक्षित असल्याचे कोठेही म्हटले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये हवाईदलाने लेखी कळविले की, या प्रकल्पामुळे सुरक्षेला मोठा धोका संभवतो. पुढच्याच महिन्यात नगरपरिषदेने प्रकल्प रद्द केला. मक्याचे गिऱ्हाईक येता येता गेले.

त्यानंतर नियम बदलले. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रँड फोर्क्ससह आठ तळ यादीत आले. अशा तळांपासून १०० मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरपर्यंतच्या, जमिनीचे व्यवहार आता तपासता येतात. २०२४ मध्ये आणखी सुमारे ६० ठिकाणे नियमात आली. त्याच वर्षीच्या कायद्याने शेतजमीन व कृषी उद्योगाच्या प्रकरणांत कृषिमंत्र्यांनाही समितीत स्थान मिळाले.

शेतजमिनीची नोंद

परदेशी व्यक्ती वा कंपनीने शेतजमीन घेतल्यास ९० दिवसांत कृषी खात्याला कळवावे, असा अमेरिकेत १९७८ पासून कायदा आहे. या नोंदीनुसार २०२३ अखेर सुमारे ४.६ कोटी एकर जमीन परदेशी हितसंबंधितांकडे होती. खाजगी शेतजमिनीच्या ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते. त्यांत सर्वांत मोठा वाटा कॅनडाचा आहे. चीनचा वाटा परदेशी ताब्यातील जमिनीच्या एक टक्क्याहून कमी आहे. अर्थात केवळ एकर मोजून धोका समजत नाही. तळाशेजारचे ३७० एकर इतरत्र असलेल्या हजारो एकरांपेक्षा अधिक चिंतेचे ठरू शकतात. शिवाय ही नोंद मालकाने स्वतः द्यावयाची असते. ती अपुरी व उशिरा मिळणारी असल्याचे अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये दाखवून दिले.

आपल्याकडील नियम

आपल्याकडे जमिनीबाबत कुंपण आधीपासूनच आहे. महाराष्ट्रात कूळकायद्यानुसार सर्वसाधारणपणे शेतकरी असलेल्या व्यक्तीलाच शेतजमीन घेता येते. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळू शकते. फुलशेती, फळबागा, बियाणे निर्मिती, नियंत्रित वातावरणातील भाजीपाला व अळिंबी यांत परकीय भांडवलास परवानगी आहे; सर्वसाधारण पीक शेतीत नाही. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने आणखी एक नियम केला. भारताला भू-सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. कोरोनाच्या काळात भारतीय कंपन्या स्वस्तात परक्यांच्या हाती जाऊ नयेत, हा त्याचा जाहीर हेतू होता.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) सरकारी मंजुरी म्हणजे भावाची वा पैशाची हमी नव्हे. दर, प्रतवारी, वजनमाप व पैसे देण्याची मुदत करारात स्पष्ट लिहून घ्यावी.

२) एका कार्यालयाची परवानगी दुसऱ्याला लागू पडत नाही. जमीन, पाणी, प्रदूषण व गुंतवणूक यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात. कोणत्या मिळाल्या व कोणत्या बाकी आहेत, हे कंपनीकडून लेखी मागावे.

३) करार करणारी स्थानिक कंपनी व तिची खरी मालक कंपनी यांची नावे वेगळी असू शकतात. दोन्हींची चौकशी करावी.

४) कारखान्याची कोनशिला बसली म्हणून पीकपद्धती बदलू नये. खरेदी प्रत्यक्ष सुरू झाल्यावर थोड्या क्षेत्रावर अनुभव घ्यावा. विशेषतः कर्ज काढून बाग, शेडनेट वा पाइपलाइन करण्याची घाई करू नये.

५) कंपनीने माघार घेतल्यास उभ्या पिकाचे काय, हे कलम करारात अवश्य असावे.

देशाची सुरक्षा पाहणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने चोख करावे. आपल्या हंगामाची सुरक्षा मात्र करारावर सही करण्यापूर्वी आपल्यालाच पाहावी लागते.