अंधुक उजेडाला नॉइजची साथ

समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. मूर्ती उत्तराभिमुख, मस्तकाच्या दोन्ही बाजूंच्या झरोक्यांतून उगवतीची आणि मावळतीची किरणं तिच्या चेहऱ्यावर पडतात. समजा, अशा गाभाऱ्यात एक साधा प्रकाशसंवेदक ठेवला. त्याला दोनच शब्द येतात, ‘आहे’ आणि ‘नाही’. उजेड 10 एककांना पोचला तरच ‘आहे’. पहाटे झरोक्यातून 8 एकक उजेड येतो. कुणी आडवं गेलं की 6 उरतो. संवेदकाचं दोन्ही वेळी एकच उत्तर: नाही.

आता जवळ असा दिवा लावा, की ज्याचा उजेड 0 ते 3 एककांत कसाही हेलकावे खाईल. एकूण उजेड 8 वरून अधूनमधून 10 ओलांडतो, साधारण तीनांतून एकदा. 6 वरून मात्र कधीच नाही, कारण 9 च्या पुढे जाणार कसा? ‘आहे’ थांबलं, की कुणीतरी आडवं गेलं. हेलकावा 0 ते 30 केला, तर 8 ला 93 टक्के आणि 6 ला 87 टक्के वेळा ‘आहे’ येईल. फरक जवळजवळ बुडाला. अशा अनियमित हेलकाव्यालाच नॉइज म्हणतात. नॉइज हवा, पण बेताचा.

चाणाक्ष वाचक विचारेल, स्थिर 3 एककांचा दिवा का नको? चालेल, तोही उत्तम. पण संवेदकाचा उंबरठा, म्हणजे ‘आहे’ म्हणायला लागणारा किमान उजेड, नेमका कुठे आहे हे ठाऊक हवं. स्थिर दिवा 1 चा ठेवला तर कायम ‘नाही’, 5 चा ठेवला तर कायम ‘आहे’. हेलकाव्याला इतका नेम लागत नाही.

या परिणामाला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात. 1981 मध्ये रॉबर्टो बेंझी आणि सहकाऱ्यांनी तो मांडला, तोही हिमयुगांच्या येण्याजाण्याचं कोडं सोडवताना! पुढे 1993 मध्ये फ्रँक मॉस यांच्या गटाला तो क्रेफिशच्या शेपटीवरच्या, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या केसांत सापडला. 2020 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात अखिल दोड्डा, सप्तर्षी दास आणि सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा प्रकाशसंवेदक घेतला. दूरच्या एलईडीचा त्याला एरवी न जाणवणारा उजेड योग्य मात्रेचा नॉइज मिसळल्यावर टिपता आला, तेही अत्यल्प ऊर्जेत.

नॉइज नवी माहिती आणत नाही. संवेदक ‘आहे-नाही’ऐवजी थेट 8 आणि 6 सांगत असेल, तर त्यात नॉइज मिसळणं म्हणजे चांगलं माप बिघडवणं. चिमूटभर विजेवर चालणाऱ्या, उंबरठा हलवता न येणाऱ्या उपकरणातच ही युक्ती वापरावी.