कोशाची चोळी घरीं बेततांना

भंडारा जिल्ह्यांतील करडी हें गांव मोहाडी तालुक्यांत येतें. त्याच तालुक्यांतील आंधळगांव कोशाच्या विणकामाबद्दल प्रसिद्ध आहे. असा महागाचा कोसा हातीं आला, कीं त्यास कात्री लावण्याचा धीर होत नाहीं, आणि तें योग्यच होय. भगिनींनीं प्रथम जुनेराची चोळी बेतून, कच्चे टांके घालून अंगावर चढवून पाहावी.

युरोपांतील कॉर्सेट देवमाशाच्या जबड्यांतील पट्ट्या व नाड्या यांच्या जोरावर अंगासच आकार देई. आपली चोळी अंगाचा आकार घेते. म्हणून छातीचें माप श्वास भरून घ्यावें. चोळीची खरी मेख मात्र काखेंत आहे. तेथें लहान चौकोनी बगल उरेब बसविली, म्हणजे हात वर केला तरी चोळी वर सरकत नाहीं. बाही रुतते, तेव्हां दोष बहुधा बाहीचा नसून या तुकड्यांत केलेल्या काटकसरीचा असतो! पुढील गांठ मारतांना पाठींत ओढ जाणवली, तर पाठ अरुंद झाली असें समजावें. कोशाचे धागे कडेनें सुटतात. शिवणींत अर्धा इंच माया ठेवावी, पुढें अंग भरल्यास ती उपयोगीं पडते. कच्ची चोळी घालून पाटावर बसावें, वाकावें. सुरकुती पडेल तेथें टांचणी लावावी आणि मगच कोसा कापावयास घ्यावा.