संख्येपलीकडील नमस्कार

मुंज झाली त्या वर्षीं वडिलांनीं हात धरून सूर्यनमस्कार शिकविला, आणि पुढें साठी उलटेपर्यंत आमचा असा दृढ समज होता कीं, तो आपणांस येतो. युसूफ वडगांवच्या घरीं पहांटे अंगण झाडून होण्यापूर्वीं आमचे साठ नमस्कार होत. संख्या चुकली तर दिवस फुकट गेला असें वाटे. शाळेंत शिक्षक असतां मुलांकडूनही शिट्टीच्या तालावर तेंच करून घेतलें. एक मुलगा नेहमीं मागें राही. त्याला आळशी म्हणून आम्हीं किती वेळां रांगेबाहेर उभें केलें, याची मोजदाद आज करवत नाहीं. कारण तो आळशी नव्हता. तो वांकतांना पुरता श्वास सोडीत असे, आणि तो सुटल्यावांचून पुढची स्थिति घेत नसे.

तीन वर्षांपूर्वीं आमचा उजवा खांदा धरला. वैद्यांनीं कांहीं महिने विश्रांति सांगितली; ती संपवून पुनः आरंभ केला तेव्हां पांच नमस्कारांनाच घाम फुटला. घाई करण्याची सोय राहिली नाहीं, आणि त्या सक्तीच्या मंदपणांत प्रथमच दिसलें कीं, इतकीं वर्षें आम्ही एका स्थितींतून दुसरींत उडी मारीत होतों, आणि उडीचा सारा धक्का मनगट व खांदा सोशीत होता. तळहात टेकला कीं बोटें पसरून भार सर्व तळव्यावर वांटावा. छाती उघडते तेथें श्वास घ्यावा, पोट दुमडतें तेथें सोडावा. साष्टांगांत ललाट, छाती, दोन तळहात, दोन गुडघे व दोन पावलें अशीं आठ अंगें खरोखर भूमीस लागावींत, नुसता भास होऊं नये. हें सर्व आम्हांस तोंडपाठ होतें. अंगांत नव्हतें.

पतंजलींनीं साधनपादांत आसनापासून स्थैर्य आणि सुख एवढेंच मागितलें आहे, व त्याचा उपाय म्हणून प्रयत्न सैल करावयास सांगितलें आहे. हीं सूत्रें आम्हीं पुष्कळांना समजावून दिलीं! प्रयत्न सैल करणें म्हणजे अंग टाकणें नव्हे. एखादी स्थिति सांभाळण्यास जेवढे स्नायु लागतात तेवढ्यांनाच कामास लावून जबडा, कपाळ, मान यांना मोकळें सोडणें, हा त्याचा व्यवहारांतील अर्थ. आरंभीं तें साधत नाहीं. नमस्कार घालतां घालतां दांत आवळलेले सांपडतात.

औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं संस्थानांतील शाळांत नमस्कार चालू केले, आणि त्यांच्या पद्धतीचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं निघालें. लोकांनीं त्यांच्यापासून संख्या तेवढी उचलली. परंतु त्यांनीं बीजमंत्रांच्या उच्चारावरही भर दिला होता, आणि स्पष्ट उच्चार म्हणजे श्वासाचें मापच, तो धापा टाकीत करतां येत नाहीं. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेंत तपासण्यास आरंभ केला, हेंही या संदर्भांत ध्यानांत घ्यावें.

चीनमधील ताइजी नांवाच्या मंदगति व्यायामाचीही अशीच गोष्ट आहे. १९५६ सालीं तेथील सरकारी क्रीडा-खात्यानें लोकांसाठीं चोवीस हालचालींचा सोपा क्रम ठरविला. तो पाठ होण्यास फार काळ लागत नाहीं. पुढें मात्र पाठ झालेलेंच वर्षानुवर्षें करावयाचें असतें. हात हलतो तो पायांतून व कमरेंतून हलतो कीं नाहीं, हें पाहत राहावयाचें. शिवाय दोघांनीं मनगटें लावून एकमेकांचा जोर ओळखण्याचा एक अभ्यास तेथें आहे. नमस्कारांत तशी सोय नाहीं. आम्ही भूमीलाच प्रतिपक्षी मानतों.

तो मागें राहणारा मुलगा मध्यंतरीं केजच्या बाजारांत भेटला. आतां त्याचे केंस पिकले आहेत. आम्हीं ती जुनी गोष्ट काढली, चूक आमची होती असेंही सांगितलें. तो ओशाळल्यासारखा हंसला. “गुरुजी, शिट्टी वाजली कीं मला श्वासच सांपडत नसे,” एवढें म्हणाला, आणि घरच्यांची चौकशी करूं लागला.

हल्लीं नातू ओसरीवर बसून आमचे नमस्कार मोजतो. परवां म्हणाला, “आजोबा, उजाडलें तरी तुमचे सातच झाले.”

“हो,” म्हटलें, “आणि सातवा अजून पुरा व्हावयाचा आहे.”