वज्रेश्वरीचा बंगला की खोपोलीचा?

भिवंडीच्या घरात सुट्टीचा बेत ठरतो तो मुलांच्या हट्टावर. वॉटर पार्क हवा, रात्री राहायला पोहण्याच्या तलावाचा बंगला हवा. अशा बंगल्यांचे पट्टे इथल्या माणसाच्या मनात पटकन येतात ते दोन: अंबाडीच्या पुढे वज्रेश्वरी-गणेशपुरी आणि मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोली. माझ्या मते निवड पार्क पाहून करू नये. जे पाण्यात उतरणार नाहीत, ती आजी, ती तान्ह्या बाळाची आई, दिवसभर काय करणार, हे आधी विचारावे.

वज्रेश्वरी भिवंडी तालुक्यातलीच. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर मंदिर बांधले गेले, असे सांगतात. टेकडीवरचे ते मंदिर, तटबंदी आणि दगडी पायऱ्या पाहिल्या की देवळापेक्षा गढीच समोर आल्यासारखे वाटते. खाली तानसा नदी. तिच्या काठाने अकलोली आणि गणेशपुरीत गरम पाण्याची कुंडे. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल झिरपते, तिथे तापते आणि गंधकाचा वास घेऊन वर येते. तुरळ, उन्हवरे, साव अशी कोकणभर पसरलेली उन्हाळी याच जातीची. गणेशपुरीत नित्यानंद स्वामींची समाधी आहे; १९६१ मध्ये त्यांनी देह ठेवला. गुडघे धरलेल्या आजीला पहाटे कुंडाशी बसवावे, नंतर समाधीचे दर्शन. तिचा दिवस भरला. मुलांसाठी पारोळच्या बाजूला ग्रेट एस्केप हा वॉटर पार्क आहे. तानसेत मात्र मुलांना उतरवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

खोपोलीचा पट्टा मोठ्या मुलांचा. खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका हे थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झाले, त्याचे वॉटर पार्क पुढच्या वर्षी. थीम पार्कात पाळण्यांना उंचीची अट असते, म्हणून सहा-सात वर्षांचे मूल मोठ्या पाळण्याच्या फाटकातून परत फिरते आणि रडते. दहावीतल्या पोरांना हा दिवस पुरत नाही. मोठ्यांसाठी महडचा वरदविनायक जवळ आहे, थोडे पुढे पालीचा बल्लाळेश्वर आणि उन्हेऱ्याची गरम कुंडे. पण भिवंडीहून सत्तर-ऐंशी किलोमीटर, त्यात शिळफाट्याची कोंडी. एका रात्रीसाठी एवढा प्रवास मला पटत नाही. दोन रात्री असतील तर जरूर जा.

बंगला घेताना फोटोला भुलू नका. तलावाला कठडा आहे का, खोली किती, रात्री फाटक बंद होते का, हे फोनवर विचारा. दर माणशी की बंगल्याचा, अनामत किती, जेवण गावातली बाई करून देते की बाहेरून येते, जनरेटर आहे का, हेही ठरवून घ्या. वॉटर पार्कांत सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, आणि बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचे दूध-खिमट नेता येईल का, तेवढे आधी विचारून ठेवा.

आजी आणि लहान मुले असलेल्या घराला मी वज्रेश्वरीच सुचवीन. भिवंडी-वाडा रस्त्यावर कंटेनरची वर्दळ असते. पहाटे सहाच्या आत निघालात, तर कुंडेही गर्दी होण्याआधी मिळतील.